लाइन : एका शब्दाचा पसारा

(ढाणकी, ता. उमरखेड, जि. यवतमाळ येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

‘लाइन’ हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात इतका मुरला आहे की तो बाहेरून आला हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. ढाणकीच्या शिवारात ‘लाइन गेली’ म्हणजे वीज गेली. रेशनच्या दुकानापुढे ‘लाइन लागली’ म्हणजे रांग लागली. ‘पोरगं कोणत्या लाइनला आहे?’ हा प्रश्न शिक्षणाचा किंवा धंद्याचा असतो. ‘पोलीस लाइन’ ही वस्ती, ‘हार्बर लाइन’ हा लोहमार्ग, ‘लाइनदोरी’ हे गवंड्याचे साधन, ‘लाइनिंग’ हे ब्लाउजचे अस्तर. आणि ‘आता लाइनीवर आला’ म्हणजे त्याचे वागणे सुधारले. एका शब्दाला इतके अर्थ चिकटण्याचे कारण असे की तो मराठीत एकदाच आला नाही. पलटणीने आणला, रेल्वेने आणला, शाळेने, रेशनने, वीज मंडळाने आणि शेवटी मोबाइलने आणला. प्रत्येक खेपेला अर्थ वेगळा होता. आधीचे अर्थ मात्र हटले नाहीत, ते बाजूला सरकून बसले.

शब्दाचे मूळ विदर्भातल्या शेतकऱ्याच्या ओळखीच्या पिकात आहे. लॅटिन भाषेत जवसाला ‘लिनुम’ म्हणत. जवसाच्या खोडापासून काढलेल्या धाग्याची दोरी ती ‘लिनेआ’. दोरी दोन टोकांना ताणली की सरळ रेघ दिसते. म्हणून दोरीचा शब्द रेघेलाही लागू झाला आणि लॅटिनमधून, काही अंशी फ्रेंचच्या वाटेने, इंग्रजीत ‘लाइन’ होऊन बसला. ‘लिनन’ हे कापड, ‘लिन्सीड’ हे जवसाचे बी आणि जवसाच्या तेलापासून केलेले ‘लिनोलियम’ ही त्याची सख्खी भावंडे. कपड्याला आतून लिनन लावायची रीत होती, म्हणून अस्तराला ‘लाइनिंग’. उमरखेड-पुसदच्या शिंप्याकडे ‘लाइनिंग लावायचं का?’ असे विचारले जाते तेव्हा त्या शब्दात जवसाचा धागा असतो. युरोपात जवस धाग्यासाठी पिकवला गेला, वऱ्हाडात तेलासाठी आणि चटणीसाठी. एकच पीक दोन मुलखांत दोन कामांना लागले, म्हणून त्याने दिलेले शब्दही वेगळे निघाले.

दोरीवरून रेघ, रेघेवरून नियम हा प्रवास भारतीय भाषांनी स्वतंत्रपणे केलेला आहे. संस्कृतातले ‘सूत्र’ म्हणजे मुळात दोरा. त्यावरून व्याकरणाची सूत्रे आली, नाटकाचा सूत्रधार आला आणि दोरी धरून लाकूड आखणारा सुतारही ‘सूत्रधार’ या शब्दातूनच आला. सुताराच्या तोंडी ‘सूत’ हे मापही आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. इंग्रजीत जुन्या काळी ‘लाइन’ हेही माप होते, इंचाचा बारावा भाग. दोन्हीकडच्या कारागिरांनी दोरीच्या जाडीवरून बारीक माप ठरवले असावे, हा तर्क पटण्याजोगा आहे.

‘लाइन’ आली तेव्हा मराठीत जागा रिकामी नव्हती. रेघ, रेषा, ओळ, रांग, पंगत, पंक्ती, तास, काकर, बारी असे कितीतरी शब्द होते आणि प्रत्येकाचे काम वाटून दिलेले होते. कागदावर ओढतात ती रेघ. भूमितीत आणि तळहातावर असते ती रेषा. लिहिलेल्या अक्षरांची ओळ. उभ्या माणसांची रांग, जेवायला बसलेल्यांची पंगत. पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाला लागते ती दर्शनबारी. तिथे ‘बारी’ या शब्दात ओळही आहे आणि आपली पाळीही आहे. शेतातली भाषा याहून नेमकी. तिफनीच्या फणाने जमिनीत उमटते ते काकर. उगवून आलेल्या पिकाच्या ओळीला तास. वऱ्हाडात कपाशीची लागवड चौफुलीवर करायची पद्धत आहे. आधी उभे काकर पाडायचे, मग आडवे, आणि दोन काकरे जिथे एकमेकांना छेदतात त्या फुलीवर बी टोबायचे. असे केले की डवरा उभाही चालतो आणि आडवाही, आणि निंदणाची मजुरी वाचते. ओळीवर ओळ काटकोनात टाकण्याचे हे शास्त्र ज्यांनी रोज वापरले त्यांना ‘लाइन’ या शब्दाची गरज शेतात कधी पडली नाही, आणि आजही कृषी सहायकाच्या तोंडून ‘लाइन सोइंग’ ऐकून घेणारा शेतकरी घरी येऊन काकरच म्हणतो.

लिहिण्याच्या बाबतीत तर मराठीची रेघ आणि इंग्रजीची लाइन यांत मूळचाच फरक आहे. रोमन अक्षर ओळीवर बसते, म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला चार रेघी वही देतात. देवनागरी अक्षर वरच्या शिरोरेषेला टांगलेले असते. मोडी लिहिताना कारकून आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घेत आणि मग तिच्या खाली अक्षरे सोडत जात. वऱ्हाडातले जुने मोडी दस्त पाहिले तर ही लांबच लांब रेघ सर्वांत आधी डोळ्यांत भरते. या क्षेत्रात ‘ओळ’ आणि ‘रेघ’ यांनी जागा सोडली नाही. कवितेची ओळ ओळच राहिली, तिला कोणी लाइन म्हणत नाही. सिनेमातल्या संवादाला मात्र ‘त्याची लाइन’ म्हणतात, कारण तो धंदाच त्या भाषेत चालतो.

मराठीने शब्द घेतला तो आपल्या व्याकरणाच्या अटींवर. इंग्रजी नामाला लिंग नसते, मराठीत ते द्यावेच लागते. ओळ, रांग, रेघ, रेषा, पंगत, बारी या सगळ्या स्त्रीलिंगी. म्हणून लाइनही स्त्रीलिंगी झाली. अनेकवचन ‘ओळी’, ‘भिंती’ यांच्या चालीवर ‘लाइनी’. विभक्ती लागताना ‘लाइनीत’, ‘लाइनीवर’, ‘लाइनीने’. ‘पद्धतशीर’, ‘कायदेशीर’ यांच्या धर्तीवर ‘लाइनशीर’ हे विशेषण तयार झाले, ‘दोरी’ जोडून ‘लाइनदोरी’ झाली. लाइनदोरी म्हणजे दोरीचीच दोरी; अर्थ दुहेरी झाला, पण गवंड्याला त्याचे काही अडत नाही. तो पायाला चुना टाकून ‘लाइनआउट’ घेतो, दोन कोपऱ्यांच्या विटांमध्ये लाइनदोरी ताणतो, ओळंबा सोडून भिंत उभी सरळ आहे का ते पाहतो. साधनांच्या या यादीत ‘ओळंबा’ मराठी राहिला आणि दोरी अर्धी इंग्रजी झाली. परका शब्द असा चाल, लिंग आणि प्रत्यय स्वीकारतो तेव्हा तो पाहुणा उरत नाही. शब्द उसना की आपला हे ठरवायला यापेक्षा चांगली कसोटी नाही.

मराठी मुलखात ‘लाइन’ रुजवणाऱ्यांत पलटण पुढे होती. छावणीत शिपायांचे तंबू आणि पुढे बराकी ओळीने मांडत, त्या ओळींना ‘लाइन्स’ म्हणत. सैन्याच्या लाइनींपासून वेगळी, मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती ती ‘सिव्हिल लाइन्स’. नागपूर 1861 साली मध्य प्रांताची राजधानी झाली आणि सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे ऐसपैस आवारांचे बंगले उभे राहिले. तो भाग आजही सिव्हिल लाइन्स आहे. पोलिसांच्या चाळी ‘पोलीस लाइन’ झाल्या. कोल्हापुरातला ‘लाइन बाजार’ हे नावही छावणीच्या लाइनींचेच. या नावांमधून ओळ हा अर्थ केव्हाच गळून गेला आहे. पोलीस लाइनीत राहणाऱ्या मुलाला लाइन म्हणजे आपले घर, शेजार, मैदान आणि मैदानावरची पहाटेची परेड.

रेल्वेने शब्दाला लांबी दिली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली आणि 1867 साली लोहमार्ग नागपूरला पोचला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला होता, त्यामुळे हा मार्ग कापसाच्या मुलखातून नेण्याला महत्त्व आले. खामगाव आणि अमरावतीला कापसासाठीच फाटे काढले गेले. यवतमाळला मुख्य मार्ग लाभला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखाली मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी 762 मिलिमीटर रुंदीची अरुंदमापी लाइन पडली. लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हटले. तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत चालले. पुढे डिझेल आले, आणि आता ती गाडी बंद आहे.

उमरखेड तालुक्याच्या वाट्याला रेल्वेची लाइन अजून आलेली नाही, आणि या भागातल्या माणसाच्या तोंडी ‘लाइन कधी होणार?’ या प्रश्नातली लाइन बहुधा तीच असते. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा सुमारे 284 किलोमीटरचा मार्ग 2008-09 च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, हदगाव, नांदेड अशी त्याची वाट आहे. त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. मुंबईत ‘सेंट्रल लाइन’, ‘वेस्टर्न लाइन’ हे रोजच्या जगण्याचे भाग आहेत. माणूस कुठे राहतो, किती वाजता उठतो, कोणाकडे सोयरीक करणे परवडेल हे त्या लाइनीवरून कळते. पैनगंगेच्या काठी तीच लाइन अजून भूसंपादनाच्या नोटिशीत आणि माती टाकलेल्या भरावात आहे.

शाळेने लाइनीला शिस्तीचा अर्थ दिला. प्रार्थनेच्या वेळी ‘लाइन सरळ करा’, हात पुढे करून अंतर घ्या, ही आज्ञा मुलाच्या कानावर पहिल्या इयत्तेपासून पडते. ‘लाइनीवर आणणे’, ‘लाइन सोडून वागणे’ हे प्रयोग त्याच मैदानावरून आले असावेत. दहावीनंतर मुलाची लाइन ठरते : सायन्स लाइन, आर्ट्स लाइन, आयटीआयची लाइन. पुढे तीच धंद्याची होते : मेडिकल लाइन, ड्रायव्हर लाइन, फिल्म लाइन. सोयरिकीच्या बोलण्यात ‘मुलगा कोणत्या लाइनला आहे?’ हा प्रश्न पगाराच्या आधी येतो, कारण लाइन कळली की पगाराचा अंदाज बांधता येतो. इंग्रजीतही धंद्याला लाइन म्हणतात, पण मराठीत या अर्थाला निवडीची आणि नशिबाची छटा आहे. ‘लाइन चुकली’ असे म्हणणारा माणूस आयुष्याविषयी बोलत असतो.

‘लाइन मारणे’ आणि ‘लाइन देणे’ हे कॉलेजच्या भाषेतले प्रयोग हिंदी सिनेमाच्या संगतीने पसरले. ते गमतीचे म्हणून खपवले जातात. पण रस्त्यावर मुलीचा पाठलाग करणारा मुलगाही याच शब्दाचा आडोसा घेतो. पाठलाग करणे हा 2013 पासून भारतात स्वतंत्र गुन्हा आहे आणि भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. शब्द हलका असल्याने कृत्य हलके ठरत नाही, हे या प्रयोगाबाबत स्पष्टच सांगायला हवे.

रांगेच्या अर्थाने ‘लाइन’ खेड्यात आली ती बहुतांशी टंचाईबरोबर. रॉकेल, साखर, पामतेल, खत, बियाणे. जे जे सरकारी दराने किंवा मोजून मिळाले त्याच्यापुढे लाइन लागली. 1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि वऱ्हाडात कापसाच्या गाड्यांची लाइन हे दर हंगामाचे दृश्य झाले. संकलन केंद्राच्या फाटकापासून रस्त्याच्या कडेने बैलगाड्या उभ्या. बैल सोडून जुवापाशी बांधलेले, गाडीखाली घोंगडी अंथरून माणूस झोपलेला, सोबत भाकरीचे गाठोडे आणि बैलांचा कडबा. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर येईपर्यंत, वजन होईपर्यंत आणि पुढची गाडी सरकेपर्यंत एक-दोन रात्री तिथेच जात. मधूनच कोणाची तरी गाडी पुढे घुसवली गेली की भांडण. उमरखेडजवळच्या पोफाळीच्या वसंत सहकारी साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांचीही अशीच लाइन लागत आली. 2016 च्या नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या तेव्हा बँकांपुढे लागलेल्या लाइनीत शेतकरी, मजूर आणि शिक्षक एकामागे एक उभे होते. ‘रांग’ हा शब्द या सगळ्याला पुरला असता. तरीही लोक लाइन म्हणाले. कदाचित रांग माणसे आपणहून धरतात आणि लाइन त्यांना कोणीतरी लावायला लावते, हा सूक्ष्म भेद बोलणाऱ्यांना जाणवत असावा. देवळात रांग असते, देवस्थान मोठे झाले, कठडे आणि पासाची व्यवस्था आली की ‘व्हीआयपी लाइन’ होते.

कबड्डीच्या मैदानावरची वाटणी पाहण्याजोगी आहे. मध्यरेषा आणि निदानरेषा मराठी राहिल्या. ‘बोनस लाइन’ मात्र इंग्रजी. पुरुषांच्या मैदानात निदानरेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर आणि बोनसची रेषा तिच्या पलीकडे एक मीटरवर असते. समोर सहा किंवा अधिक खेळाडू असले तरच बोनसचा गुण मिळतो. जुना नियम मराठी शब्दाने टिकला, नंतर आलेला नियम आपला शब्द घेऊनच आला.

या शब्दाचा सर्वांत स्वतंत्र मराठी अर्थ विजेने घडवला. इंग्रजीत लाइन म्हणजे विजेची तार किंवा तारांचा मार्ग. विदर्भात आणि लगतच्या मराठवाड्यात लाइन म्हणजे खुद्द वीज. ‘लाइन आली’, ‘लाइन गेली’, ‘लाइन कमी आहे’, ‘लाइन झटके देते’. तार जागेवरच असते. येते-जाते ते तिच्यातून वाहणारे. वाहकाचे नाव वाहणाऱ्याला मिळाले. पुण्या-मुंबईकडे या जागी ‘लाइट गेले’ म्हणतात आणि त्यामागे घरातल्या दिव्याचा अनुभव आहे. शेतकऱ्याचा अनुभव दिव्याचा नाही, मोटरीचा आहे. म्हणून त्याने प्रकाशाचा शब्द न घेता खांबावरच्या तारेचा घेतला.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 साली स्थापन झाले आणि 2005 साली त्याचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे गेले. गावात येणारी लाइन साधारणपणे अशी असते : उपकेंद्रातून 11 केव्हीची उच्चदाब लाइन निघते, शिवारातल्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, येते, तिथे दाब 400 व्होल्टच्या आसपास उतरवला जातो आणि तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारा खांबांवरून पुढे जातात. घरातल्या दिव्याला एक फेज पुरतो. विहिरीवरच्या मोटरीला तिन्ही लागतात. एक फेज गेला की मोटर गुणगुणते, फिरत नाही, आणि वेळीच बंद केली नाही तर जळते. म्हणून शेतकरी नुसते ‘लाइन आहे’ म्हणत नाही. तो ‘थ्री फेज आहे का?’ असे विचारतो. काही जण कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर ओढतात. ‘फेज मारला’, ‘जंपर तुटला’, ‘डीओ पडला’, ‘तारेला झोळ आला’, ‘डीपी जळाली’ ही सगळी लाइनीच्या आजारांची नावे आहेत, आणि शाळा न शिकलेल्या माणसालाही त्यांतला फरक बिनचूक कळतो.

कृषिपंपांना वीज आठवड्याच्या चक्राने मिळते : काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. यातून ‘दिवसाची लाइन’ आणि ‘रात्रीची लाइन’ हे दोन शब्द निघाले. डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायचे दिवस. रात्रीची लाइन असली की माणूस जेवून शेतात जातो. डोक्याला मफलर, हातात बॅटरी आणि काठी. स्टार्टरच्या पेटीतला दिवा लागला की लाइन आली. मग बांधाबांधाने फिरायचे, एक सरी भरली की दारे मोडून पाणी दुसरीकडे वळवायचे. ओल्या दांडात साप असतो. पैनगंगा अभयारण्याच्या बाजूच्या शिवारात रानडुकरांचे कळप उतरतात. लाइन मध्येच गेली तर घरी परतावे की थांबावे हे ठरत नाही, कारण ती दहा मिनिटांनीही येऊ शकते आणि पहाटेपर्यंत न येऊही शकते. म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ बसवतात. लाइन येताच मोटर आपोआप सुरू होते. सोय खरी, पण तोटा सामाईक असतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या की फ्यूज उडतो किंवा डीपीच जळते, आणि मग सगळेच कोरडे. ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा, हे आवाहन महावितरण म्हणूनच पुन्हा पुन्हा करत असते. रात्रीच्या लाइनीची सक्ती असेपर्यंत ते पाळले जाणे कठीण आहे. दोष शेतकऱ्याच्या हट्टाचा कमी आणि वेळापत्रकाचा जास्त. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, आणि तिचे यश याच एका मापाने मोजले पाहिजे : किती शिवारांतून ‘रात्रीची लाइन’ हा शब्द नाहीसा झाला.

लाइनीचा वाईट उपयोगही आहे. पीक राखण्यासाठी तारेच्या कुंपणात थेट लाइन सोडली जाते. त्यात रोही (नीलगायी) आणि डुकरे मरतात, आणि अंधारात वाट चुकलेला शेजारीही मरतो. सौर बॅटरीवरचे झटका यंत्र क्षणभराचा धक्का देते. खांबावरून घेतलेली लाइन सोडत नाही. हा फरक प्रत्येक गावात शिकवला जायला हवा.

या लाइनीची निगा राखणारा तो लाइनमन. त्याला कागदोपत्री ‘तंत्रज्ञ’ हे पद आहे, महावितरण त्याला ‘जनमित्र’ म्हणते, आणि गाव लाइनमन म्हणते. पावसाळी वाऱ्यात झाड तारेवर पडले की रबरी हातमोजे, पकड आणि लांब काठी घेऊन तोच खांबाखाली उभा असतो. ‘परमिट’ मिळाल्याशिवाय, म्हणजे उपकेंद्रातून लाइन बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय, आणि तारा जमिनीशी जोडल्याशिवाय खांबावर चढायचे नाही हा त्याच्या कामाचा पहिला नियम आहे. मागून एखाद्या घरातल्या जनरेटर किंवा इन्व्हर्टरची वीज बंद लाइनीत शिरू शकते. जमिनीशी जोड देण्याचे एक कारण ते आहे. 4 मार्च हा दिवस देशात लाइनमन दिवस म्हणून पाळला जातो. गावात वीज आली की लोक ‘लाइन आली’ म्हणतात. ती कोणी आणली हे सांगायला या दिवसाचा उपयोग व्हावा.

टेलिफोनने ‘लाइनवर या’, ‘लाइन लागत नाही’ हे प्रयोग दिले. मोबाइलला तार नसली तरी ते टिकले. 1996 साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झालेली मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन आज देशभर माहीत आहे. त्यानंतर ‘ऑनलाइन’ आले आणि खेड्यात त्याचे क्रियापद झाले. ‘ऑनलाइन केलं का?’ म्हणजे पीकविम्याचा, शिष्यवृत्तीचा किंवा अनुदानाचा अर्ज भरला का. 2021 पासून ई-पीक पाहणीही शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची आहे. रेंज नसलेल्या शिवारात उभा असलेला माणूस ‘ऑनलाइन होत नाही’ म्हणतो, आणि शेवटी सेवा केंद्रापुढे ऑनलाइनसाठी लाइन लावतो.

काही क्षेत्रांत मात्र ‘रेषा’ ठामपणे उभी राहिली. दोन देशांच्या ताब्यातला मुलूख वेगळा करण्यासाठी नियंत्रण रेषा. हे नाव 1972 च्या सिमला करारानंतरचे. नदीकाठच्या बांधकामासाठी पूररेषा : 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. आणि दारिद्र्यरेषा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज 2,250 उष्मांक मिळतील एवढा खर्च त्यांनी आधार धरला आणि 1960-61 च्या किमतीत ग्रामीण भागासाठी महिन्याला माणशी 15 रुपये ही मर्यादा सुचवली. पुढे 1 मे 1999 पासून राज्यात पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या आणि रेषेच्या अलीकडचे-पलीकडचे रंगाने ओळखता येऊ लागले. ज्या रेषा कोणी जमिनीवर ओढलेल्या नसतात, ज्या हिशेबाने किंवा कराराने ठरतात, त्यांना मराठीने संस्कृत शब्द दिला. ज्यातून काही वाहते, जे माणसाला कुठे तरी जोडते किंवा उभे करते, त्याला लाइन म्हटले. ही वाटणी कोणत्याही समितीने केलेली नाही आणि ती उत्तम आहे.

दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात प्रसिद्ध झाला. त्या वेळी विदर्भाच्या खेड्यांत विजेचे खांब नव्हते, त्यामुळे वीज या अर्थाची ‘लाइन’ त्या पिढीला नोंदवता येणे शक्यच नव्हते. आज ती न नोंदवण्याला सबब नाही. नव्या मराठी कोशात ‘लाइन (स्त्री.) : वीज, वीजपुरवठा, विशेषतः कृषिपंपाचा, विदर्भ, मराठवाडा’ अशी नोंद असली पाहिजे आणि तिच्याखाली ‘रात्रीची लाइन’, ‘लाइनमन’, ‘लाइनशीर’, ‘लाइनदोरी’ यांना जागा मिळाली पाहिजे. शासकीय भाषेनेही एक गोष्ट करावी. ‘उच्चदाब वाहिनीच्या देखभाल दुरुस्तीस्तव पुरवठा खंडित राहील’ ही सूचना नियमाला धरून असेल, पण वाहिनी म्हणजे बहुतेकांना टीव्हीवरची वाहिनी. ‘मंगळवारी सकाळी 10 ते दुपारी 2 लाइन बंद राहील’ असे लिहिले तर ढाणकीच्या शिवारातला प्रत्येक माणूस ती वाचेल, आणि कोणी तुटलेल्या तारेपाशी काम करत असताना आपला जनरेटर चालू करण्याआधी थांबेल. सूचना लिहिणाऱ्यांनी तेवढे करावे.